गावाचा सेवक आणि मनुष्यऋण

सरकारी परिपत्रकांतून काही शब्द आपल्या भाषेत येतात, आणि त्यांचा अर्थ न तपासताच आपण त्यांना घरात घेतो. ‘मनुष्यबळ विकास’ हा असाच एक शब्द आहे. त्याचा थोरला भाऊ ‘मानवी संसाधन’ हा तर त्याहूनही बेफिकीरपणे वापरला जातो. पंचायतींच्या, नगरपालिकांच्या व महानगरपालिकांच्या कागदांत हे शब्द आता चांगलेच रुळले आहेत. जमीन, पाणी, दगड, वाळू यांच्या यादीत माणूस हे आणखी एक साधन म्हणून लिहिले जाते. त्या साधनाचा ‘विकास’ व्हावा म्हणून दोन दिवसांचे शिबिर भरते, हजेरीपटावर सह्या होतात, चहा-फराळ होतो आणि खर्चाचा तक्ता पुरा होतो. अशा शिबिरांची टिंगल करणे सोपे आहे. तो आमचा हेतू नव्हे. आम्हांला विचारावयाचा प्रश्न हिशेबाचा नसून नीतीचा आहे. जो माणूस गावाच्या वतीने गावाचे काम करतो, त्याला त्या कामास योग्य असे घडविण्याचे कर्तव्य गावावर आहे काय? की पगार दिला म्हणजे गावाचे देणे फिटले?

माणूस माणसाचे साधन असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिंपी हा आमच्या वस्त्राचे साधन आहे, वैद्य आमच्या आरोग्याचे, आणि आम्ही त्या दोघांच्या उदरनिर्वाहाचे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने या व्यवहाराला जी मर्यादा घातली ती प्रसिद्धच आहे: माणसास केवळ साधन मानू नये, तो स्वतः साध्यही आहे याचा विसर पडू देऊ नये. परंतु ही मर्यादा ओलांडली गेली हे ओळखावे कसे? आमच्या मते त्याची एक साधी खूण आहे. साधन वापराने झिजते. माणूस मात्र काम करता करता वाढला पाहिजे. तीस वर्षे एका खुर्चीवर बसून जो कारकून निवृत्तीच्या दिवशी पहिल्या दिवसाइतकाच जाणता राहतो, त्याला आपण कोयत्यासारखे वापरले आहे. फरक इतकाच, की कोयत्याला आपण अधूनमधून धार तरी लावतो.

आपल्या परंपरेत या देण्याला एक नाव आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे बहुतेकांस ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यऋण. जन्मास आलेला प्रत्येक जण या चार ठिकाणचा देणेकरी म्हणूनच जन्मतो, असा त्या विवेचनाचा भाव आहे. आणि मनुष्यांचे ऋण त्यांना आसरा व अन्न देऊन फेडावे, असे तेथे म्हटले आहे. देवळांच्या सावलीत वाढलेल्या आमच्या समाजाने पहिली तीन ऋणे निष्ठेने फेडली. पूजा, पालखी व उत्सव यांतून देवांचे, पाठशाळा व कीर्तन-पुराण यांतून ऋषींचे, श्राद्धपक्षातून पितरांचे. चौथ्याचे खाते मात्र अन्नसंतर्पणापाशी येऊन थांबले. ज्या काळी माणसाला उभे राहावयास आसरा व अन्न पुरत असे, त्या काळी ते ठीक होते. आज स्वतःच्या कामात मानाने उभे राहावयाचे तर माणसाला विद्या लागते. म्हणून मनुष्यऋणात विद्येचा समावेश करणे हा परंपरेचा विपर्यास नसून तिचा स्वाभाविक विस्तार होय, असे आम्ही मानतो.

जुन्या गावाने आपल्या सेवकांचे देणे कसे फेडले, हे पाहण्यासारखे आहे. गोव्यातील गावकरीच घ्या. पोर्तुगीज अंमल बसल्यानंतर १५२६ साली आफोन्सो मेशिया याने येथील गावांच्या रूढी सनदेच्या रूपाने लिहवून घेतल्या. म्हणजे त्या रूढी त्याहून कितीतरी जुन्या होत्या. गावची जमीन गावकऱ्यांच्या समाईक व्यवस्थेखाली असे, गावचा हिशेब लिहिणाऱ्याला तीत महत्त्वाचे स्थान असे, आणि देवळासाठी व गावच्या निरनिराळ्या सेवेकऱ्यांसाठी नमशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनी राखून ठेवलेल्या असत. घाटावर हेच काम वतनांनी व बलुत्यांनी केले. या व्यवस्थेत सेवकाच्या शिक्षणाचा प्रश्न वेगळा असा उभाच राहत नसे. कुलकर्ण्याचा मुलगा बापाशेजारी बसून मोडी गिरवी, सुताराच्या मुलाच्या हाती कळू लागण्यापूर्वीच वाकस येई, वाजंत्र्याच्या मुलाच्या कानांत चौघड्याचा ठेका पाळण्यातच भरे. जन्म हीच शाळा होती, घर हाच वर्ग होता आणि बाप हाच पंतोजी होता.

या शाळेचे गुण आम्ही नाकारीत नाही. तिच्यात काम जिवाला लागलेले असे, आणि कामाची लाज वा अभिमान पिढ्यांचा असे. परंतु तिचा दोष तिच्या गुणांहून फार मोठा होता. ज्याला कुलकर्णी व्हावयाचे नव्हते त्यालाही ती कुलकर्णी करी. आणि ज्याला गावचे मेलेले ढोर ओढावयाचे नव्हते त्यालाही ती तेच करावयास लावी. आमच्या देवळांच्या सेवेतही माणसे जन्माने बांधली गेली होती. त्यांच्या कलेचे कौतुक आम्ही पिढ्यान् पिढ्या केले, पण त्या कलेसाठी त्यांनी मोजलेली किंमत आम्ही विचारली नाही. ती शाळा मोडलीच पाहिजे होती, आणि ती मोडली. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली, आणि महाराष्ट्रात मुलकी पाटीलकीचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. गोव्यातही १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा आला, आणि गावचा कारभार जन्माच्या हक्काकडून मताच्या हक्काकडे गेला.

हा पालट न्यायाचा होता. परंतु जो एक शाळा मोडतो त्याच्यावर दुसरी बांधण्याची जबाबदारी येते, हे मात्र आपण पुरते ओळखले नाही. पूर्वी सेवकाला घर शिकवी. आता सेवक परीक्षा देऊन, अर्ज करून, कधी कराराने, कुठल्याही घरातून येतो. तसाच तो आला पाहिजे. पण मग घराने जे शिकविले असते ते त्याला कोणी शिकवावयाचे? गाव म्हणते, सरकारने. सरकार म्हणते, संस्थेने. संस्था म्हणते, दोन दिवसांत जमेल तेवढे आम्ही शिकविले. आणि सेवक तिसऱ्या दिवशी आपल्या खिडकीवर एकटा बसतो.

संस्था निघाल्या नाहीत असे नाही. स्थानिक स्वराज्याच्या कामाचे शिक्षण देणारी अखिल भारतीय संस्था मुंबईत १९२६ सालीच स्थापन झाली. ग्रामविकासाच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये मसुरीस काढलेली संस्था १९६५ साली हैदराबादेस आली आणि तेथे मोठी झाली. मुंबईत १९६३ साली निघालेली राज्याची प्रशिक्षण संस्था पुढे पुण्यास येऊन ‘यशदा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसमोर २९ आणि नगरपालिकांसमोर १८ विषयांची यादी ठेवली. पिण्याचे पाणी, रस्ते, आरोग्य, प्राथमिक शिक्षण असे कितीतरी विषय त्या यादीत आहेत. २०१८ साली पंचायतींच्या क्षमतावाढीसाठी राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियान निघाले. २०२० साली केंद्राच्या नोकरवर्गासाठी निघालेल्या योजनेला तर ‘कर्मयोगी’ असेच नाव दिले गेले. कर्मातील कौशल्याला गीतेने योगाच्या आसनावर बसविले आहे, त्याचीच ही आठवण. नावे आहेत, इमारती आहेत, योजना आहेत. उणीव आहे ती एका भावनेची: हा सेवक आमचा आहे आणि त्याच्या घडणीचे देणे आमच्यावर आहे, या भावनेची. ती भावना नसेल तर उत्तम संस्थाही दूरच्या देवळासारखी राहते. वर्षाकाठी एकदा जावे, नारळ फोडावा आणि परत यावे.

आता या देण्यात कसूर झाल्यास नेमके काय घडते, ते पाहू. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत त्याची खबर द्यावी लागते, आणि त्या नोंदीवर पुढचे सारे आयुष्य उभे राहते: शाळा, नोकरी, वारसा, परदेशगमन. आमच्या प्रांती या नोंदीत एक विशेष अडचण आहे. जुन्या पोर्तुगीज कागदांत कामत हे आडनाव ‘कामोतीं’ असे होते, शेणवी ‘सिनाय’ होतात. एकाच घराण्याचे नाव आजोबांच्या, वडिलांच्या आणि नातवाच्या कागदांत तीन तऱ्हांनी आढळते. ज्या लेखनिकाला ही पूर्वपीठिका कोणी सांगितलेली नाही, त्याला ही तीन निरनिराळी माणसे वाटतात. तो अर्ज परत करतो. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या १५ व्या कलमात आहे. ज्याला ती ठाऊक आहे तो म्हणतो, ‘पुरावे आणा, पाहू.’ ज्याला ठाऊक नाही तो म्हणतो, ‘हे होणार नाही, कोर्टात जा.’ दुसऱ्याचा आवाज पहिल्यापेक्षा अधिक ठाम असतो, हे लक्षात घ्यावे. अज्ञान खिडकीपलीकडे बसले म्हणजे ते अधिकाराचा वेष धारण करते.

आणि त्या अज्ञानाची किंमत कोण भरतो? ज्याची ओळख आहे तो वरच्या साहेबाकडून काम करून घेतो. ज्याच्यापाशी पैसा आहे तो दलाल गाठतो. जिला या दोहोंपैकी काहीच नाही ती म्हातारी मात्र बसचे भाडे भरून तीनदा येते आणि तीनदा परत जाते. तिची भाषा गोव्याच्या खिडकीवर कोंकणी असेल, बेळगावच्या खिडकीवर मराठी असेल. ती भाषा समजून घेणे हाही सेवकाच्या शिक्षणाचाच भाग आहे. त्याचे अज्ञान हा गावातील सर्वांत दुबळ्या माणसावर बसविलेला कर आहे, आणि तो कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच हा प्रश्न कार्यक्षमतेचा नसून न्यायाचा आहे, असे आम्ही म्हणतो.

काही कामांत तर हे अज्ञान सेवकाचाच प्राण घेते. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यांसारखी घाण येते. पण प्रमाण वाढले म्हणजे तो घ्राणेंद्रियच बधिर करून टाकतो. वास येईनासा झाला म्हणून आत उतरणारा माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तोच क्षण मृत्यूचा असतो. वर उभा असलेला सोबती त्याला काढावयास धावतो व तोही आत कोसळतो. संरक्षणसाधनांवाचून असे धोक्याचे काम माणसाकडून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे; अशा मृत्यूंबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ३० लाख रुपयांपर्यंत वाढविली. भरपाई योग्यच आहे. पण जे ज्ञान एका सकाळी सांगता आले असते, आणि जे यंत्र वेळेवर आणता आले असते, त्यांच्या अभावी गेलेल्या प्राणाचे मोल कोणत्या खात्यात जमा धरावयाचे? त्याला उतरू नको असे सांगणारा कोणी नव्हता. आणि उतर म्हणून सांगणाराही अडाणीच होता. शिक्षणाची गरज केवळ खालच्या पायरीवरील माणसाला असते, हा समज येथे उघडा पडतो.

केवळ मान देऊन हे ऋण फिटेल काय? इंदूरच्या इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात मनन करण्यासारखा आहे. १९१७-१८ च्या सुमारास होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांस शहराची पाहणी करण्यास बोलाविले होते. शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीच्या दिवसांत एक अपूर्व मिरवणूक काढविली. मिरवणुकीचा मार्ग परंपरेने ठरलेला नव्हता. ज्या रस्त्यांतील लोकांनी आपली घरे व आळ्या अधिक स्वच्छ केल्या, त्या रस्त्यांवरून ती जावयाची होती. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती. आणि तिच्यात शहराचे झाडूवाले स्वच्छ पोशाखात, फुलांनी सजून मानाने चालले होते. तुळशीची रोपे लोकांना वाटण्यात आली. ज्यांची सावली टाळण्यात लोक धन्यता मानीत, त्यांच्या झाडूला त्या दिवशी फुले वाहिली गेली. देवाच्या पालखीपुढे झाडू मारणे ही सेवा आहे असे आम्ही म्हणतो. गावापुढे झाडू मारणे हीही सेवाच आहे, हे त्या परक्या माणसाने एका शहराला दाखवून दिले.

हा प्रसंग वाचून मन उंचावते. पण दुसऱ्या दिवशी फुले सुकतात, आणि झाडू तोच राहतो. मान एका दिवसाचा असेल तर तो उत्सव होतो, फेड होत नाही. त्याच इंदूरने २०१७ ते २०२३ या काळात देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविला, तो मिरवणुकीने नव्हे. घरोघर येणारी गाडी, घरातच ओला व सुका कचरा वेगळा करण्याची सवय, ठरलेले काम व ठरलेली वेळ, अशा दैनंदिन शिस्तीतून तो मिळाला. यातील एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. येथे केवळ सेवक शिकला नाही, गृहिणी आणि दुकानदारही शिकले. दाराशी आलेला सफाई कामगार ‘हे या डब्यात नको’ असे सांगू लागला आणि घरधनी ते ऐकू लागला, तेव्हा शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण हा भेदच मिटला. सेवकाला खरा मान तो हाच: त्याच्या कामातील त्याचा शब्द मानला जाणे.

मग केवळ विद्या देऊन हे ऋण फिटते काय? यासाठी वडोदऱ्याकडे पाहावे लागेल. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ग्रंथालये गावोगाव न्यावयाची म्हणून त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणले, आणि १९११ साली तेथे ग्रंथालयाच्या कामाचा शिक्षणवर्ग सुरू झाला. ग्रंथालय काढावयाचे तर आधी ग्रंथपाल घडवावा लागतो, इमारत मागाहूनही चालेल, ही दृष्टी त्यांच्यापाशी होती. माणसे घडविण्याच्या याच वृत्तीतून १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास राज्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस पाठविण्यात आले. १९१७ साली ते करारानुसार राज्याच्या सेवेत रुजू होण्यास वडोदऱ्यास आले. त्यापुढील हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला तेथूनही त्यांना धमकावून काढण्यात आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरूनच फेकीत. अल्पावधीतच त्यांना ते शहर सोडावे लागले.

या घटनेचा विचार करताना महाराजांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी दिले ते फार थोड्यांनी दिले असते. परंतु त्यातून जो बोध निघतो तो कठोर आहे. राज्याने एका माणसाला घडविले, पण ज्या कचेरीत तो बसावयाचा होता ती कचेरी घडविली नाही. विद्या एकाला मिळाली. त्याच्या शेजाऱ्यांना ती विद्या ओळखण्याची दृष्टी मिळाली नाही. सेवकवर्गाचे शिक्षण हे एकेका व्यक्तीचे शिक्षण कधीच नसते. शिपायापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत, आणि खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या नागरिकापर्यंत, सारी कचेरी एकदम शिकली पाहिजे. नाही तर शिकलेला माणूस तेथे परका होतो. विद्येवाचून दिलेला मान ही शोभा ठरते, आणि मानावाचून दिलेली विद्या हा उपहास ठरतो. मनुष्यऋणाची फेड या दोहोंनी मिळूनच होते.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा, की शिकविलेला माणूस बदलीने किंवा चांगल्या नोकरीने निघून जातो. मग गावाच्या पैशाचे चीज काय झाले? याचे उत्तर ऋणाच्या कल्पनेतच आहे. ऋषींचे ऋण आपण ऋषींना परत करीत नाही, पुढच्या शिष्याला विद्या देऊन फेडतो. पितरांचे ऋणही संततीच्या संगोपनाने फिटते. ऋण ज्याचे घेतले त्याच्याच हाती परत करावयाचे असते, हा सावकारी नियम आहे, धर्माचा नव्हे. आमच्या गावात शिकलेला सचिव शेजारच्या गावी गेला तर त्या गावाची म्हातारी एकदाच खेप घालील. आणि तिकडे शिकलेला सचिव आमच्याकडे येईल.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सेवक मुळातच लबाड आहेत. त्यांना शिकविणे म्हणजे चोराला कुलपाची विद्या देणे होय. या शंकेला मोठी परंपरा आहे. कौटिल्याने अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत, आणि पाण्यातल्या माशाचे पाणी पिणे जसे दिसत नाही तशी त्यांची चोरी दिसत नाही, असे त्याचे मत होते. विद्या ही चारित्र्याची हमी नव्हे, हे आम्ही मान्य करतो. हिशेबतपासणी हवी, शिक्षा हवी. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. जेथे नियम कोणालाच नीट ठाऊक नसतात तेथे चूक कोणती आणि चोरी कोणती हेच ठरविता येत नाही. अज्ञानाच्या गढूळ पाण्यातच मासा सुखाने पाणी पितो. आणि ज्याच्याकडे आपण निव्वळ संशयाने पाहतो तो हळूहळू कोणत्याही कागदावर सही न करण्याची कला शिकतो. तीही एक विद्याच आहे, आणि ती आपणच त्याला शिकविलेली असते.

तिसरा आक्षेप पैशाचा. रस्ता दिसतो, गटार दिसते, सभागृह दिसते. शिकलेला माणूस उद्घाटनाला दाखविता येत नाही. म्हणून कायमच्या जागा भरण्याऐवजी करारावर माणसे घेतात, आणि दर वेळी थोड्या महिन्यांनी करार नवा करतात. यातील काटकसर आम्हांला समजते. पण ज्याला उद्या काढावयाचे आहे त्याला आज कोण शिकवील? आणि ज्याला उद्याची शाश्वती नाही तो तरी मनापासून काय शिकेल? जुन्या गावाने नमशी जमीन तोडून दिली, ती दया म्हणून नव्हे. पायाखाली जमीन असल्यावाचून माणूस काम शिकत नाही, हे त्याला कळले होते. त्या जमिनीबरोबर आलेली जन्माची बेडी आम्हांला नको आहे; पण जमिनीमागचा तो विचार टाकून देण्याजोगा नाही.

या देण्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सेवकाने ओळखली पाहिजे. ज्याला समाज शिकवितो त्याच्यावर शिकण्याचे कर्तव्य येते. शिबिराला सहल समजणारा सेवक आणि शिबिराला खर्चाची बाब समजणारी पंचायत, दोघेही एकाच कर्तव्यात चुकतात. नवा नियम समजून घेणे, खालच्या माणसाला तो समजावून सांगणे, आणि आपण जे शिकलो ते जाताना मागच्याला देऊन जाणे, हा सेवकाचा ऋषिऋणाचा वाटा होय.

आमचा वाचकवर्ग बहुतांशी देवस्थानांशी बांधलेला आहे. म्हणून शेवटी त्याच्यापुरते दोन शब्द. ज्याला संकल्प नीट सांगता येत नाही त्याला आपण गाभाऱ्यात उभे करीत नाही. पालखी खांद्यावर घेणाराही आधी जुन्याबरोबर चालून पाऊल शिकतो. देवाच्या सेवेला शिकलेला हात हवा, हे ज्या समाजाला कळते त्याला माणसांच्या सेवेला तो नको असे कसे वाटावे? करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. ग्रामसभेत रस्त्याचा हिशेब विचारतो त्याच वेळी, यंदा आपल्या सचिवाला, लेखनिकाला, पाणीवाल्याला, सफाईवाल्याला कोणी काय शिकविले, हेही विचारावे. देवळांची सभागृहे उत्सवाखेरीज कितीतरी दिवस रिकामी असतात. तेथे निवृत्त शिक्षकांनी, वकिलांनी, हिशेबनिसांनी संध्याकाळी बसावे आणि पंचायतीच्या माणसांशी कायद्याची व हिशेबाची चर्चा करावी. गटारावर काम करणाऱ्याला यंत्र व साधने मिळाली की नाही, हे महाजनांच्या बैठकीत विचारले जावे. आणि देवस्थानाच्या स्वतःच्या नोकरांबाबतही हेच प्रश्न कोणी विचारले तर रागावू नये. जत्रेला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावयाचाच असेल तर ज्याने यंदा काही नवे शिकून गावाची एक अडचण दूर केली, अशा सेवकाचा करावा. आणि खिडकीसमोर उभे राहिल्यावर ओळख सांगण्याऐवजी आपला क्रमांक येईपर्यंत थांबावे. ओळखीने काम करून घेणारा नागरिक सेवकाला एकच धडा देतो: नियम शिकण्यापेक्षा माणसे ओळखणे बरे.

देव, ऋषी आणि पितर यांची देणी फेडताना आपण तिथी पाळतो. मनुष्यऋणाला तिथी नाही. कचेरीची खिडकी उघडते तो प्रत्येक दिवस त्याचा आहे. त्या खिडकीमागे बसलेला माणूस आपला आहे, त्याचे अज्ञान आपले आहे, आणि त्याची विद्याही आपलीच होईल, एवढे ज्या गावाने मनाशी धरले त्याला ‘मनुष्यबळ विकास’ हा शब्द परिपत्रकातून शिकावा लागणार नाही.